‘मला काही कमी नाही’ : बायबल आणि कुराण श्रीमंतीला काय विचारतात

येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाचं पहिलंच वाक्य अवघड आहे. ‘जे आत्म्याने दीन ते धन्य, कारण स्वर्गाचे राज्य त्यांचे आहे’ (मत्तय ५:३). ठाण्यात कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या कितीतरी मराठी मुलांनी हे वाक्य शाळेच्या भिंतीवर वाचलेलं असतं, प्रार्थनेच्या वेळी ऐकलेलं असतं. मोठेपणी त्याचे दोन अर्थ कानावर पडत राहतात. एक असा की गरिबी चांगली, गरीब माणूस देवाच्या जवळचा. दुसरा असा की पैसा कितीही असू दे, मन नम्र असलं की झालं. पहिला अर्थ गरिबाच्या तोंडावर मारला जातो आणि दुसरा श्रीमंताला पांघरूण म्हणून पुरतो. मूळ ग्रंथ वाचायला घेतला की दोन्ही अर्थ टिकत नाहीत.

कुराणातल्या एका आयतीचंही, म्हणजे वचनाचंही, असंच होतं. ‘लोकहो, तुम्ही सगळे अल्लाहचे गरजवंत आहात, अल्लाहला मात्र कशाचीच गरज नाही, तोच स्तुतीला पात्र आहे’ (३५:१५). गरजवंत म्हणजे गरीब, असं धरलं तर भिवंडीतल्या यंत्रमागाच्या मालकाला ही आयत लागू होते का? आयतीची सुरुवात ‘लोकहो’ अशी आहे. म्हणजे मालकालाही लागू आणि मागावर रात्रपाळी करणाऱ्यालाही. मग दोघांत फरक काय राहिला?

आपल्याकडे म्हण आहे, गरजवंताला अक्कल नसते. हे दोन्ही ग्रंथ नेमकं उलट सांगतात. आपण गरजवंत आहोत हे ज्याला कळलं, त्यालाच अक्कल आली. ज्याला आपली गरज दिसेनाशी झाली, त्याचं पुढचं सगळं चुकत जातं. माझ्या मते या विषयाची किल्ली इथेच आहे.

आधी बायबलमधली एक अडचण सांगतो, कारण ती अनेकदा झाकली जाते. मत्तय ‘आत्म्याने दीन’ म्हणतो, पण लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, येशू त्याच विषयावर बोलतो तेव्हा ‘आत्म्याने’ हा शब्दच नाही. तिथे सरळ ‘अहो दीनांनो, तुम्ही धन्य’ असं आहे (६:२०), आणि चार ओळींनंतर श्रीमंतांबद्दल हळहळ आहे की तुमचं सुख तुम्ही आधीच भोगून बसलात (६:२४). लूक रिकाम्या पोटाबद्दल बोलतो, मत्तय आतल्या स्थितीबद्दल. चर्चने यातलं एक ठेवून दुसरं काढून टाकलं नाही. दोन्ही शेजारी शेजारी राहिली आणि वाचणाऱ्याला दोन्हींचा ताण सोसावा लागतो. नुसता मत्तय धरला तर गरिबाची भूक विसरली जाते. नुसता लूक धरला तर रिकामा खिसा हेच पुण्य ठरतं, आणि तसं म्हणायला लूकच्या गोष्टीही जागा देत नाहीत.

लूकमधल्या एका शेतकऱ्याची गोष्ट घ्या (१२:१६ ते २१). त्याच्या जमिनीला अमाप पीक आलं. ठेवायला जागा पुरेना. तो ठरवतो की जुनी कोठारं पाडायची, मोठी बांधायची, धान्य भरायचं आणि जिवाला सांगायचं, बाबा रे, पुष्कळ वर्षांची बेगमी झाली, आता खा, पी, मजा कर. त्याच रात्री देव त्याला म्हणतो, मूर्खा, आज रात्री तुझा जीव मागून घेतला जाईल. मग हे जमवलेलं कुणाचं? या माणसाने चोरी केलेली नाही. कुणाची मजुरी बुडवल्याचाही उल्लेख नाही. पीक पावसाने आणि जमिनीने दिलं होतं. गोष्ट सावकाश वाचली की एक गोष्ट खटकते : तो सबंध वेळ स्वतःशीच बोलतो. माझं पीक, माझी कोठारं, माझा जीव. बायको नाही, शेजारी नाही, गडी नाही, देव तर नाहीच. बोलायला दुसरं कुणी लागावं अशी वेळच त्याच्यावर राहिलेली नाही.

कुराणातल्या अठराव्या सूरेत, म्हणजे अध्यायात, याचा भाऊ शोभावा असा एक बागाईतदार भेटतो (१८:३२ ते ४४). त्याच्या दोन द्राक्षबागा, सभोवार खजुराची झाडं, मधल्या पट्ट्यात पिकं आणि दोन्हींमधून वाहणारा पाट. तो सोबत्याला म्हणतो, माझ्याकडे तुझ्यापेक्षा संपत्ती जास्त, माणसंही जास्त. बागेत शिरताना म्हणतो, हे कधी नष्ट होईल असं मला वाटत नाही. सोबती त्याला समजावतो की बागेत पाऊल टाकताना तू ‘माशाअल्लाह’ का नाही म्हणालास, अल्लाहने इच्छिलं ते झालं, त्याच्याशिवाय कुणाची ताकद नाही, असं का नाही म्हणालास? पुढे बाग उद्ध्वस्त होते. मांडव कोसळून पडलेले असतात आणि तो केलेल्या खर्चापायी हात चोळत उभा राहतो.

मुंब्र्यात फिरताना ‘माशाअल्लाह’ हा शब्द जागोजागी दिसतो. फ्लॅटच्या दाराच्या चौकटीवर, रिक्षाच्या मागच्या काचेवर, नव्या टेम्पोच्या कपाळावर, बिर्याणीच्या दुकानाच्या पाटीवर. दृष्ट लागू नये म्हणून लिहितात, एवढंच बाहेरच्यांना ठाऊक असतं, आणि लिहिणाऱ्यांच्याही मनात तो भाग असतोच. पण हा शब्द या गोष्टीतला आहे. नवं घर, नवी गाडी घेतलेला माणूस त्या दोन अक्षरांतून कबूल करत असतो की हे माझ्या एकट्याच्या ताकदीचं नाही. त्या पाटीकडे तसं पाहिलं की मला तिच्याबद्दल आदर वाटतो.

दोन्ही ग्रंथांत हा मुद्दा एकेका वाक्यात उघडपणे मांडलेला आहे, आणि ती दोन वाक्यं एकमेकांच्या इतकी जवळ येतात की दचकायला होतं. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, लावदिकीया शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेलं पत्र आहे. त्यात म्हटलंय : मी श्रीमंत आहे, मी धन मिळवलंय, मला काही कमी नाही, असं तू म्हणतोस, पण तू दीन, गरीब, आंधळा आणि उघडा आहेस हे तुला कळत नाही (३:१७). हे शहर आजच्या तुर्कस्तानात देनिझलीजवळ होतं. सावकारी, काळ्या लोकरीचा व्यापार आणि डोळ्यांचं औषध यांसाठी त्याचं नाव होतं. इसवी सन ६० च्या सुमारास भूकंपात ते पडलं आणि रोमन बादशहाची मदत न घेता स्वतःच्या बळावर पुन्हा उभं राहिलं, असं रोमन इतिहासकार टॅसिटस नोंदवतो. नागरिकांना याचा अभिमान असणार, आणि अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट आहे. पत्र लिहिणारा त्यांच्या याच मर्मावर बोट ठेवतो. लोकरीच्या शहराला उघडं म्हणतो, डोळ्यांच्या औषधाच्या शहराला आंधळं म्हणतो.

कुराणाच्या शहाण्णवाव्या सूरेतल्या पहिल्या पाच आयती सर्वांत आधी अवतरल्या असं बहुतेक मुस्लिम विद्वान मानतात. त्यांच्या लगेच पुढे हे येतं : माणूस मर्यादा ओलांडतो, कारण आपल्याला कशाची गरज नाही असं त्याला वाटू लागतं (९६:६, ७). ‘पैसा आला म्हणून’ असं तिथे म्हटलेलं नाही. गरज संपली असं वाटलं म्हणून. पैसा हे वाटणं फार लवकर आणतो, त्याचा धोका तेवढ्यासाठी.

कारूनची गोष्ट याच सूत्राने वाचावी. तो मूसाच्या म्हणजे मोशेच्या लोकांपैकी. त्याच्या खजिन्याच्या किल्ल्याच इतक्या की धडधाकट माणसांच्या टोळीलाही त्या पेलताना वाकावं लागे. लोक त्याला सांगतात, फुगून जाऊ नकोस. अल्लाहने दिलंय त्यातून परलोकाचं घर शोध, पण या जगातला तुझा वाटाही विसरू नकोस, आणि तुझ्यावर जसे उपकार झाले तसे तूही कर (२८:७७). त्याचं उत्तर : हे मला माझ्याजवळच्या ज्ञानामुळे मिळालंय. शेवटी तो घरासकट जमिनीत गाडला जातो. त्याचं उत्तर आज ठाण्यातल्या कुठल्याही यशस्वी माणसाच्या तोंडी सहज शोभेल. शिकलो, मेहनत केली, मिळवलं. यात खोटं काही नाही. मात्र ज्या शाळेने शिकवलं, ज्या आईने डबा दिला, ज्या वर्षी आजारपण आलं नाही, ते सगळं त्या उत्तरातून गळून जातं.

आणि त्याला दिलेल्या सल्ल्यातलं ‘तुझा वाटाही विसरू नकोस’ हे विसरून चालणार नाही. जग टाकून दे, असं त्याला कुणी सांगितलेलं नाही. ख्रिस्ती आणि इस्लामी वाटा इथून वेगळ्या व्हायला लागतात.

त्या वेगळेपणाची सगळ्यांत चांगली जागा म्हणजे उंट आणि सुईचं नेढं. मार्कच्या दहाव्या अध्यायात एक माणूस धावत येतो, येशूपुढे गुडघे टेकतो, विचारतो, अनंतकाळचं जीवन मिळायला काय करू? आज्ञा तर त्याने लहानपणापासून पाळलेल्या. येशू त्याच्याकडे प्रेमाने पाहतो आणि म्हणतो, तुझ्यात एक उणीव आहे; जा, असेल ते विक, गरिबांना दे आणि माझ्यामागे ये. तो खिन्न होऊन निघून जातो, कारण त्याची मालमत्ता मोठी होती. मग ते प्रसिद्ध वाक्य : श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणं सोपं. बरेच प्रवचनकार इथे सांगतात की जेरुसलेमला ‘सुईचं नेढं’ नावाचा एक छोटा दरवाजा होता, ओझं उतरवलं की उंट वाकून त्यातून जाई. अशा दरवाजाचा पुरावा नाही. ही समजूत पुष्कळ नंतरची आहे आणि ती वाक्याची धार बोथट करते. शिष्यांना धार बरोबर लागली होती. ते घाबरून विचारतात, मग तरणार तरी कोण? येशू म्हणतो, माणसांना हे अशक्य, देवाला नाही.

कुराणातही हा उंट आहे आणि हे नेढंही आहे. पण तिथे ते श्रीमंताबद्दल नाही. ‘आमच्या आयती ज्यांनी खोट्या ठरवल्या आणि त्यांच्यापुढे जे ताठले’ त्यांच्याबद्दल आहे : उंट सुईच्या नेढ्यातून जाईपर्यंत ते स्वर्गात जाणार नाहीत (७:४०). तीच प्रतिमा, पण येशू ती तिजोरीसमोर उभी करतो आणि कुराण ताठ मानेसमोर. मला या दोन जागा एकमेकींचा अर्थ खुलवणाऱ्या वाटतात. तिजोरीचं भय कशाचं, तर ती मान ताठ करते याचं. आणि मान ताठ आहे हे ओळखायचं कसं, तर तिजोरी उघडायला सांगितल्यावर माणूस काय करतो यावरून.

तरी फरक आहेच. येशू त्या माणसाकडे सगळं मागतो. जक्कय नावाचा जकातदार मात्र अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत द्यायचं स्वतःहून कबूल करतो, तेव्हा येशू म्हणतो, आज या घराला तारण मिळालं (लूक १९). एकाला सगळं, दुसऱ्याला अर्धं. ठरलेला दर नाही. आरंभीचा ख्रिस्ती प्रचारक पौलही करिंथच्या मंडळीला लिहितो की ज्याने त्याने मनात ठरवलं असेल तसं द्यावं. दर नसण्याने माणूस मोकळा होतो आणि अस्वस्थही राहतो, कारण ‘पुरेसं दिलं’ असं म्हणायची सोय उरत नाही.

या अस्वस्थतेचा एक धागा थेट ठाण्यात येतो, आणि ठाणेकरांना तो फारसा माहीत नाही. असिसीच्या फ्रान्सिसने तेराव्या शतकाच्या सुरुवातीला जो संघ काढला त्याचे बंधू कसलीच मालकी न ठेवण्याची शपथ घेत. फ्रान्सिस गेल्यावर संघ वाढला, मठ आले, पुस्तकं आली आणि वाद सुरू झाला की ही मालकीच नाही का? तोलेंतिनोचा थॉमस हा गरिबीच्या बाजूने हट्ट धरणाऱ्यांपैकी होता, आणि त्यापायी त्याच्याच संघाने त्याला कैदेत टाकलं होतं. सुटल्यावर तो पूर्वेकडे गेला. १३२१ मध्ये चीनच्या वाटेवर असताना तो आणि त्याचे तीन सोबती बसले होते ते जहाज कोल्लमऐवजी ठाण्याच्या बंदरात आलं. इथे एका सिरियन परंपरेच्या ख्रिस्ती कुटुंबाने त्यांना घरात ठेवून घेतलं. त्या घरातलं भांडण काझीपुढे गेलं, साक्षीदार म्हणून या चौघांची नावं निघाली, तिथून धर्मावर वाद झाला आणि एप्रिलमध्ये चौघेही मारले गेले. जॉर्डनस नावाच्या डॉमिनिकन साधूने त्यांना सोपाऱ्याला पुरलं. पुढे ओदोरिक नावाच्या फ्रान्सिस्कनने त्यांच्या अस्थी चीनला नेल्या. आणि १२ नोव्हेंबर १३२३ रोजी पोप बावीसावा जॉन याने फर्मान काढलं की ख्रिस्ताची आणि त्याच्या शिष्यांची स्वतःची किंवा मिळून काहीच मालकी नव्हती असं हट्टाने म्हणणं हा पाखंड आहे. ज्या गोष्टीसाठी थॉमस कैदेत बसला, तिच्याबद्दल चर्चने असा निकाल त्याच्या मृत्यूनंतर तिसऱ्या वर्षी दिला.

हा प्रसंग ख्रिस्ती विरुद्ध मुसलमान असा सांगण्याचा मोह होतो. मला त्यातली दुसरी बाजू जास्त मोलाची वाटते : गरिबीचा आग्रह धरणाऱ्याला सर्वांत आधी त्याच्याच माणसांनी गप्प केलं. इस्लाममध्येही असा एक माणूस आहे, पैगंबरांचा सोबती अबू झर गिफारी. ‘जे सोनं-चांदी साठवतात आणि अल्लाहच्या मार्गात खर्च करत नाहीत त्यांना यातनेची बातमी द्या’ (९:३४) ही आयत तो दमास्कसमध्ये खणखणीतपणे सांगत असे. तिथला सुभेदार मुआविया म्हणाला, ही आयत ज्यू-ख्रिश्चनांबद्दल आहे. अबू झर म्हणाला, त्यांच्याबद्दलही आहे आणि आपल्याबद्दलही. वाद मदिनेपर्यंत गेला. अखेर अबू झर रबझा या आडवळणाच्या जागी राहायला गेला आणि इसवी सन ६५२ च्या सुमारास तिथेच वारला. बहुसंख्य विद्वानांनी त्याचं मत घेतलं नाही. ज्या संपत्तीची जकात, म्हणजे दरवर्षी द्यायचा धर्माने ठरवलेला वाटा, दिली ती साठवलेली संपत्ती नव्हे, असा निर्णय रूढ झाला. पैगंबरांच्या सोबत्यांत उस्मान आणि अब्दुर्रहमान बिन औफ हे मोठे व्यापारी होते, पैगंबरांची पत्नी खदीजा स्वतः व्यापार करत. संपत्ती असणं हा इस्लाममध्ये दोष नाही. तिच्यात दुसऱ्याचा हक्क आहे, हा पाया आहे.

तो हक्क कसा मोजला जातो हे मुंब्रा-कौशातल्या एखाद्या घरात रमजानच्या आधी पाहावं. ओट्यापाशी वही उघडलेली असते. मागच्या वर्षीची चांद्र तारीख वर लिहिलेली, कारण संपत्तीवर पूर्ण चांद्र वर्ष उलटायला लागतं. खाली बँकेतली शिल्लक, घरातली रोकड, दुकानातला माल, कुणाला हातउसने दिलेले पैसे. मग वजाबाकीत आपण देणं लागतो ती रक्कम. उरेल ते साडेसात तोळे सोन्याच्या किंवा साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीहून जास्त असेल तर त्याचा चाळिसावा भाग, म्हणजे अडीच टक्के, जकात. पाच लाख उरले तर साडेबारा हजार. सोन्याचा हिशोब मात्र घरागणिक बदलतो. कोकणी मुसलमान बहुतेक इस्लामी कायद्याच्या शाफई पंथाचे. त्यांच्याकडे बाईच्या नेहमीच्या वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही. उत्तरेतून आलेली कुटुंबं बहुतेक हनफी. त्यांच्याकडे अंगावरच्या बांगड्याही तोलाव्या लागतात. एकाच मजल्यावर समोरासमोरच्या दोन घरांत दोन वेगळे हिशोब, आणि दोन्ही बरोबर. ही रक्कम कुणाला द्यायची तेही कुराणात ठरलेलं आहे : गरीब, लाचार, कर्जात बुडालेले, वाटेत अडकलेला प्रवासी असे आठ वर्ग (९:६०). देणारा इथे उपकार करत नाही. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे वर्षभर होती, ती परत करतो.

गरिबीत गोडी आहे असं मात्र यातून कुणी काढू नये. पैगंबर गरिबीपासून अल्लाहचा आसरा मागत असत, अशी हदीस, म्हणजे त्यांच्या बोलण्या-वागण्याची नोंद, आहे. सैतान तुम्हाला गरिबीची भीती घालतो असं कुराण म्हणतं (२:२६८), म्हणजे त्या भीतीने माणूस मूठ घट्ट करतो याची कुराणाला जाणीव आहे. ‘गरिबी हा माझा अभिमान’ असं एक वचन पैगंबरांच्या नावावर दर्ग्यांच्या परंपरेत फार प्रिय आहे, पण हदीसचे जाणकार त्याला आधार नाही असं सांगतात. ‘श्रीमंती म्हणजे वस्तूंचा साठा नव्हे, श्रीमंती म्हणजे मनाची श्रीमंती’ ही हदीस मात्र पक्की आहे, ‘बुखारी’ आणि ‘मुस्लिम’ या नावांच्या दोन्ही हदीससंग्रहांत येते. बायबलमध्ये याकोबाचं पत्र आणखी रोखठोक. भाऊ-बहीण उघडे आहेत, खायला नाही, आणि तुम्ही नुसतं म्हणालात, सुखी रहा, ऊब घ्या, पोटभर जेवा, तर त्याचा उपयोग काय? त्याच पत्रात, शेत कापणाऱ्या मजुरांची तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, असं श्रीमंतांना सुनावलंय (५:४). कंत्राटदाराने महिना-महिना पगार थकवलेले कामगार ज्या शहरात आहेत, तिथे ही ओळ जुनी वाटत नाही.

आतल्या गरिबीचा आणखी एक शत्रू आहे, आणि त्याला पैशाची गरज नसते. धर्माचीच श्रीमंती. लूकच्या अठराव्या अध्यायात मंदिरात दोघे प्रार्थनेला येतात. परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या ज्यू पंथातला माणूस, म्हणतो, देवा, मी बाकीच्यांसारखा नाही याबद्दल तुझे आभार. आठवड्यातून दोनदा उपास करतो, दशांश देतो. जकातदार दूर उभा राहून छाती पिटतो, देवा, मज पाप्यावर दया कर. नीतिमान ठरून घरी जातो तो दुसरा. ‘मुस्लिम’ या हदीससंग्रहात पैगंबर सोबत्यांना विचारतात, दिवाळखोर कोण? ज्याच्याकडे पैसा-सामान नाही तो, असं उत्तर येतं. ते म्हणतात, माझ्या उम्मतीतला, म्हणजे अनुयायांतला, दिवाळखोर तो, जो निवाड्याच्या दिवशी नमाज, रोजे, जकात सगळं घेऊन येईल, पण त्याने कुणाला शिवी दिली असेल, कुणावर आळ घेतला असेल, कुणाचा पैसा खाल्ला असेल. त्याचं पुण्य एकेकाला वाटून दिलं जाईल. पुण्य संपलं आणि देणं उरलं, तर त्यांची पापं याच्या अंगावर टाकली जातील. ही हदीस मी पहिल्यांदा वाचली तेव्हा बराच वेळ पुढचं काही वाचवलं नाही.

आता सर्वांत खोल जागा. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात राजा लोकांना म्हणतो, मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिलंत. आजारी होतो, तुम्ही माझी विचारपूस केलीत. ते विचारतात, कधी? तो म्हणतो, या माझ्या लहानातल्या लहान भावांपैकी एकासाठी केलंत ते माझ्यासाठी केलंत. ‘मुस्लिम’ संग्रहातल्या एका हदीसेत अल्लाह म्हणतो, आदमच्या मुला, मी आजारी होतो, तू मला भेटायला आला नाहीस. माणूस म्हणतो, तू तर सगळ्या जगांचा पालनकर्ता, तुला मी कसा भेटू? उत्तर येतं : माझा अमका सेवक आजारी होता, त्याला भेटला असतास तर मी तुला त्याच्यापाशी सापडलो असतो. अन्नाबद्दल, पाण्याबद्दल पुन्हा तसंच.

दोन्ही वाचून ‘सगळे धर्म सारखेच’ असं म्हणणं सोपं आहे, पण मग फार काही हातातून सुटतं. ख्रिस्ती श्रद्धेत तो राजा खरोखर भुकेला राहिलेला आहे. श्रीमंत असून तो तुमच्यासाठी गरीब झाला, असं पौल लिहितो (२ करिंथ ८:९). देवानेच गरिबी अंगावर घेतली, म्हणून फ्रान्सिससारख्याला गरीब होणं हे त्याच्यासारखं होणं वाटलं. इस्लाममध्ये अल्लाहला कधीही, कशाचीही गरज पडत नाही. हदीसेतला माणूस गोंधळतो तो त्यामुळेच. ‘तो मीच होतो’ असं अल्लाह म्हणत नाही, ‘मी त्याच्यापाशी सापडलो असतो’ असं म्हणतो. म्हणून मुसलमानाने गरिबी पत्करून अल्लाहसारखं व्हायचं नसतं. आपण मुळातच गरजवंत आहोत हे ओळखून राहायचं असतं. सूफींनी ज्याला फक्र म्हटलं ते हेच ओळखणं. एका श्रद्धेत देव खाली उतरतो, दुसरीत माणूस आपली जागा ओळखतो. आजाऱ्याच्या खाटेपाशी मात्र दोघांनाही जावंच लागतं.

शेवटी एक गोष्ट, जी मला ठाण्यात राहताना वारंवार टोचते. सणासुदीला धान्याची किट वाटली जातात. मागे बॅनर, पुढे टेबल, आणि पिशवी हातात देताना दोघांनी कॅमेऱ्याकडे बघायचं. घेणारी बाई मान खाली घालते आणि तिला वर बघायला सांगितलं जातं. हे सगळ्या धर्मांचे लोक करतात, चांगल्या हेतूने करतात, आणि तरी ते चूक आहे असं मला वाटतं. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू देऊ नकोस, असं येशू म्हणतो (मत्तय ६:३). बुखारीतल्या हदीसेतही, निवाड्याच्या दिवशी ज्यांना अल्लाहची सावली मिळेल त्यांच्यात असा माणूस आहे, ज्याच्या उजव्या हाताने काय दिलं ते डाव्याला कळलं नाही. उघड दान चांगलं, पण लपवून दिलेलं तुमच्यासाठी अधिक चांगलं, असं कुराण सांगतं (२:२७१), आणि उपकार बोलून दाखवून दान वाया घालवू नका, असंही (२:२६४).

लपवून दिलेल्या दानाच्या आयतीनंतर दोनच आयती पुढे (२:२७३) गरिबांचा एक वेगळा वर्ग येतो. ते कुणापुढे हात पसरत नाहीत, आणि अजाण माणसाला त्यांच्या संकोचामुळे ते सुखवस्तू वाटतात. अशी घरं किटच्या रांगेत येत नाहीत. मुलाची फी दोन हप्त्यांपासून थकलेली असते, गॅस महिनाअखेरपर्यंत पुरवायचा असतो, आणि जिन्यात भेटल्यावर ‘सगळं छान’ असंच उत्तर मिळतं. त्यांचं नाव कुठल्या यादीत नसतं. शेजारी जाणं-येणं असेल, चार वेळा त्यांच्याकडे चहा प्यायलेला असेल, तरच कळतं.